आतून एक, बाहेरून एक

२० नोव्हेंबर

धाकटे,

कशी आहेस वगैरे विचारत नाही. तू उत्तर देणार नाहीस आणि मला वाट बघत बसायला आवडत नाही.

होडी मिळाली. आईही मिळाली. दोघींची अवस्था सारखीच होती, वरून टापटीप आणि आतून ओल. आईला खोकला आहे आणि ती म्हणते खोकला नाही, घसा साफ करतेय. होडीच्या तळात घोटाभर पाणी होतं. मधल्या धक्क्यावरचा लाँचचा बुकिंगवाला म्हणाला, तुम्हां दोघींत जेमतेम तासाभराचं अंतर पडलं. तासाभरात एवढं पाणी म्हणजे उजव्या बाजूचे सांधे सरळ झिरपताहेत. उपसायच्या पंपाचं चामडं फाटलंय, सुकाणूचा खिळा हलतोय, आणि शिडाच्या घड्या बघून मला वाटलं आत कुणीतरी झोपलंय. तुझ्या सहा महिन्यांत होडी अशीच येते. दर वेळी मी लिहिते, दर वेळी तू वाचत नाहीस.

बुकिंगवाल्याने आज मला विचारलं, तुम्ही दोघी खरंच दोन आहात ना? कारण एकत्र कुणी बघितलेलंच नाही. तू आईला त्याच्या खोलीत बसवून बसने पळतेस, मग मी उगवते. मे महिन्यात मी पळते, तू उगवतेस. आईला बस लागते, म्हणून ती होडीनेच फिरणार. होडी दोघींची, म्हणून आईही दोघींची, सहा-सहा महिने. हा तिचाच हुकूम आहे, तेव्हा तक्रार कुणाकडे करायची?

सांध्यांचं मी बघून घेईन. बाबांची हत्यारांची पेटी तुझ्याकडे आहे, ती तुझ्याकडेच राहू दे. बाबा गेले त्याच आठवड्यात ती तू न विचारता नेलीस आणि मी चारचौघांत तुला चोर म्हटलं. तो शब्द मी गिळणार नाही आणि पेटीही मागणार नाही. बाजारात दुकानं आहेत.

ताई


३ एप्रिल

धाकटे,

हे पत्र लाँचच्या सारंगाबरोबर पाठवतेय. तो म्हणतो, तुमची बहीण पत्र घेते आणि खिशात घालते. खिसा केवढा आहे तुझा?

होडी दोन महिने काठावर, ओंडक्यांवर चढवून ठेवली होती. उन्हाने फळ्या अशा आटल्या की सांध्यांतून पलीकडचं ऊन दिसायला लागलं. जुना सडका कापूस मी चिमट्याने ओढून काढला. मग सगळे सांधे भरले. कशाने भरले ते माझं मला माहीत. आधी छोट्या डोणीवर करून बघितलं, मग होडीवर. वरून घासून तेलरंग दिला. आता हात फिरवला तर सांधा कुठे आहे ते कळत नाही.

आई दोन दिवस खुर्ची टाकून बघत होती. म्हणाली, "ते कापूस ठासायचे. मऊ असायचं ते."

म्हटलं, "बाबांच्या काळात दुसरं काही मिळत नव्हतं."

"मिळत होतं. ते घेत नव्हते."

मग नाक मुरडून आत गेली. ती तुझ्या बाजूची आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

ताई


११ मे, मधला धक्का

धाकटे,

ही चिठ्ठी होडीच्या पुढच्या फडताळात, आईच्या औषधांच्या डब्याखाली ठेवतेय. म्हणजे तुला ती उचलावीच लागेल.

परवा होडी पाण्यात सोडली. आज इथपर्यंत आलो आणि तळ कोरडा ठणठणीत. आईने पायातल्या चपला काढून पाय तळावर टेकवले आणि तसेच राहू दिले. हे म्हणजे तिचं प्रमाणपत्रच. बघ म्हणावं, होडी कशी सांभाळतात.

नेहमीसारखं वाटेत मावशीकडे दहा-बारा दिवस थांबालच. पुढे खाडीच्या अरुंद गळ्यातून जायला उधाणाचं पाणी लागतं, तेव्हा पौर्णिमेखेरीज निघू नकोस. गळ्याच्या डाव्या अंगाला गाळ वाढलाय. आई उभी राहून काठ बघत असते, तिला बसव. पोहता तिला कधीच येत नव्हतं.

खरं सांगायचं तर बसची वेळ अजून झालेली नाही. मी तिकीटघराच्या मागे उभी राहीन. तू केस कापलेस असं आई म्हणाली, ते खरं का ते बघायचंय, बाकी काही नाही.

ताई


१९ मे

धाकटे,

हे नीट वाच. खिशात घालू नकोस.

तुम्ही गेल्यावर मी छोटी डोणी पाण्यात सोडली होती. आज सकाळी बघायला गेले तर ती बुडाली होती, नुसते काठ वर. दोरीने ओढून कडेला घेतली. तळाजवळची एक फळी आतल्या लाकडी बरगड्यांपासून सुटून बाहेर आलीय. खिळे तसेच फळीत आहेत, बरगडीतून उपटून आलेत. मधल्या फटीत माझी बोटं आरामात गेली.

डोणीचे सांधे मी ज्याने भरले त्यानेच होडीचे भरलेत. दोन डब्यांतली मिसळून भरायची लांबी. वाळली की दगड होते. दुकानदार म्हणाला, बाई, पन्नास वर्षं हलणार नाही. तो खोटं बोलला नाही. लांबी हललीच नाही. फळ्या मात्र उन्हाने आटलेल्या होत्या. पाण्यात पडल्यावर त्या फुगणारच. सांध्यात कापूस असला की तो दबतो आणि फळीला जागा होते. दगड दबत नाही. मग फळीने जायचं कुठे? ती बाहेर गेली.

होडीची लाकडं जाड आहेत, म्हणून तिला वेळ लागतोय. पण ती मावशीच्या घाटाला पाण्यातच उभी आहे आणि रोज फुगतेय. आज ना उद्या जाईल. गळ्यात गेली तर तुझ्याबरोबर आई आहे.

मावशीकडे फोन केला. तू उचललास. मी "धाकटे" एवढंच म्हटलं आणि तू ठेवलास. त्यानंतर सारखा नुसता एंगेज लागतोय. रिसीव्हर काढून ठेवलास ना?

निघू नकोस. होडी वर ओढून घे आणि सांधे उकर. लांबी काढून टाक, सगळी.

ताई


२१ मे

(उघडं कार्ड)

पत्र न फोडता परत आलं. म्हणून हे कार्ड. हे फोडायचं नाही, फक्त बघायचं आहे. मावशी, सारंग, ज्याच्या हातात पडेल त्याने मोठ्याने वाचून दाखवा: होडीच्या फळ्या सुटणार आहेत. चूक माझी आहे. आईला होडीत बसवू नका. – ताई


२३ मे, लाँचवर

धाकटे,

हे कुणाला देणार ते मला माहीत नाही. हात रिकामे ठेवता येत नाहीत, म्हणून लिहितेय.

सारंगाने कार्ड तुला स्वतः वाचून दाखवलं. तो म्हणाला, तू शांतपणे ऐकलंस, होडीत उतरून तळावर हात फिरवलास आणि म्हणालीस, "आतून कोरडी खडखडीत आहे. ताईला होडी माझ्या हातात बघवत नाही. दर खेपेला काहीतरी काढते." आई म्हणाली, ताई चूक माझी म्हणतेय म्हणजे काहीतरी आहे. तेव्हा तू म्हणालीस, तिच्या अक्षरात चूक माझी? मग तर नक्कीच डाव आहे.

हे मात्र बरोबर बोललीस. मी एवढ्या वेळा बोंब मारलीय की आता खरी बोंबसुद्धा खोटीच वाटणार.

मावशीच्या घाटावर लाँच लागली तेव्हा तुमची होडी तिथे नव्हती. मावशी काठावर उभी होती. म्हणाली, भरती वर आली तशा निघायच्या होत्या, पण आईला तयारीला उशीर झाला म्हणून थोड्या मागे पडल्या. म्हणजे गळ्यात पोचेपर्यंत पाणी उतरायला लागलं असणार. सारंगाला म्हटलं, वेळापत्रक सोडा आणि गळ्यापर्यंत चला. लाँचमध्ये बसलेली माणसं कुरकुरली नाहीत. एका बाईने मला पाण्याची बाटली दिली. ती माझ्या मांडीवर तशीच पडलीय.

पुढे वळणावर डोलकाठी दिसतेय. तिरकी आहे. हलत नाहीये.


२८ मे

धाकटे,

त्या दिवशी आपण दोघी एकाच फळीच्या दोन बाजूंना होतो. तू बाहेर, मी आत. बाहेर काय झालं ते तुला माहीत आहे. आत काय झालं ते तुला सांगायला दुसरं कुणी नाही. आई सांगेल, पण ती तुला घाबरवायला नको म्हणून निम्मं गाळेल आणि माझी फजिती मात्र दुप्पट करून सांगेल.

लाँच गाळाजवळ येईना. पाणी झपाट्याने उतरत होतं, सारंग म्हणाला, आणखी पुढे गेलो तर मीही तुमच्या शेजारी बसेन. त्याने मला एक फळी दिली आणि गुडघाभर पाण्यात उतरवलं. पुढच्या भरतीला येतो म्हणाला. फळी पुढे टाकायची, तिच्यावर पालथं पडायचं, पुन्हा ओढायची, असं मी आले. माझ्या वयाला न शोभणारी ती चाल तू पाहिलीस आणि हसली नाहीस. तू हसत नाहीस म्हणजे परिस्थिती वाईट.

फळी सुटल्याबरोबर तू होडी मुद्दाम डाव्या अंगाच्या गाळावर चढवलीस, हे मला नंतर आईने सांगितलं. खोल पाण्यात राहिली असतीस तर मला डोलकाठीही दिसली नसती. हे मी कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं, म्हणून इथे लिहिते. बाबांनीही तेच केलं असतं.

तू मांडीपर्यंत चिखलात उभी होतीस आणि तळहाताने फळी दाबून धरली होतीस, जणू ती दाबल्याने राहणार होती. मी आत चढले. आई वरच्या बाकावर पिशवी पोटाशी धरून बसली होती. मला बघून म्हणाली, "आधी हात धू." मग म्हणाली, "तिच्याशी भांडू नकोस आत्ता."

आईला उचलून त्या चिखलातून न्यायचं म्हणजे तिघीही रुतलो असतो. काठ समोर दिसत होता आणि तिथे पोचता येत नव्हतं. पाणी परत चढलं की होडी चिखलातून सुटायच्या आधी भरणार होती, आणि तेवढ्या पाण्यात लाँच जवळ येणार नव्हती. मधला तो वेळ आईने कुठे काढायचा? हे तुलाही कळलं होतं आणि मलाही. आपण दोघी ते आईसमोर बोललो नाही. एकमेकींशीही बोललो नाही.

तू म्हणालीस, "आई, तिला सांग, सांध्यातला दगड आधी काढायला लागेल. फळी परत आत जायला जागाच नाहीये."

आई म्हणाली, "सांध्यातला दगड काढायचाय."

मी म्हटलं, "तिला सांग, मला ऐकू येतंय."

आई म्हणाली, "तिला ऐकू येतंय."

मग त्या फटीतून तू बाबांची पटाशी आत सरकवलीस. मूठ माझ्याकडे केली होतीस. बाबा आपल्याला हत्यार तसंच द्यायचे, आणि धार पुढे करून दिलं तर परत घ्यायला लावायचे. मूठ इतकी गुळगुळीत झालीय. मला वाटत होतं तू पेटी माळ्यावर टाकली असशील, आणि तू तर ती खिळे-कापसासकट होडीत बरोबर घेऊन फिरतेस. तू रोज तेल लावतेस हे त्या मुठीवरून कळलं. मला रडू आलं, पण आई बघत होती आणि काम होतं.

तू बाहेरून उकरत होतीस, मी आतून. माझ्याच हाताने भरलेली लांबी माझ्याच नखांखाली जात होती. पन्नास वर्षं हलणार नाही म्हणाला होता तो. निघाली, पण लाकडाचे टवके घेऊन निघाली. मग तू खांदा लावून फळी दाबलीस आणि ती कुरकुरत बरगडीला लागली. नवे खिळे बाहेरून तू मारायचे, आणि आतून मी जड लोखंड धरून त्यांची टोकं वळवायची. लहानपणी तू बारीक होतीस म्हणून बाबा तुला पुढच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, आत बसवायचे आणि मला बाहेर हातोडी द्यायचे. तू आतून रडायचीस आणि मी मुद्दाम जोरात मारायचे. या वेळी उलट झालं, आणि तू जपून मारत होतीस.

बाबांच्या खुणा त्याच: आतून एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे मार. बाहेरून एक म्हणजे पुढचा खिळा. तू आठवण करून दिली नाहीस, मीही नाही. पहिला खिळा आत आला तसा माझ्या हाताने आपोआप दोनदा ठोकलं आणि तू मारलंस. दोन-तीन खिळे झाल्यावर आई म्हणाली, "आता मला कुणी काही सांगायला सांगत नाहीये, मी काय करू?" म्हटलं, तू फक्त बसून राहा. ती म्हणाली, तेच तर अवघड आहे. आईला भीती वाटत होती, धाकटे. पिशवीचा बंद तिने बोटाला असा गुंडाळला होता की बोट पांढरं पडलं होतं. मी ते सोडवलं नाही, कारण मग तिला कळलं असतं की मी बघितलंय.

पाणी परत फिरलं ते मला आधी ऐकू आलं. तळाखाली बारीक बुडबुडे फुटल्यासारखं. तोवर खिळे बसले होते आणि तू बाहेरून कापूस ठासायला लागली होतीस. आत बसून तो आवाज मला किती वर्षांनी ऐकू आला. लाकडी हातोड्याचा, मोगरीचा तो पोकळ आवाज, आणि सांधा भरत आला की बदलणारा. मी तळहात सांध्यावर ठेवून बसले होते. थेंब येत होते. मग ओळ आली. मी एकदा ठोकलं आणि बोटाने जागा दाखवावी तसं तिथेच पुन्हा ठोकलं. तू बरोबर तिथे मारलंस. ओळ थांबली. शेजारी नवी सुरू झाली. पाणी बाहेर वाढत होतं, आणि मी आत कोरडी बसून विचार करत होते की तुझ्या कमरेला लागलं असेल. नंतर तुझ्या श्वासाचा आवाज वरून यायला लागला, म्हणजे तू वाकू शकत नव्हतीस, हात पाण्याखाली घालून काम करत होतीस.

आणि मग ठोका आला नाही.

मी दोनदा ठोकलं. काही नाही. पुन्हा ठोकलं. होडी थोडी हलली, आणि बाहेर नुसतं पाणी. आई उभी राहिली. मी लोखंड टाकलं आणि फळीला तोंड लावून ओरडले, "ठमे!" हे नाव मी तुला किती वर्षांत म्हटलं नव्हतं, माझं मलाच माहीत नाही. मला त्या क्षणी होडी नको होती, पेटी नको होती, आई बुडेल हेही डोक्यात नव्हतं. फक्त एवढंच होतं की तू बाहेर आहेस आणि मी आत आहे.

तू म्हणालीस, "आहे गं. मोगरी सुटली हातातून. शोधतेय."

मग तू ती पायाने शोधलीस आणि पुन्हा मारायला लागलीस. आई खाली बसली आणि म्हणाली, "बोललीस एकदाची." कुणाला म्हणाली, ते मी विचारलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. होडी पाण्यावर उचलली गेली तेव्हा झिरपत होती, पण तुझ्या सहा महिन्यांत झिरपते तेवढीच. मी आणि आई उपसत राहिलो. तू काठाला लोंबकळत वर आलीस आणि चिखलाने अशी माखली होतीस की केस कापलेत की नाही हे पुन्हा कळलं नाही. अंधार पडायच्या आत लाँच आली. तुझे दात वाजत होते, तरी तू टॉवेल मला दिलास. मी घेतला. तुला परत द्यायला हवा होता, तो माझ्याबरोबर घरी आलाय, वाळत घातलाय.

लाँचवर आपण शेजारी बसलो. मला वाटलं आता सगळं बोलणं होईल. पण तू आईला घेऊन तुझ्या घाटावर उतरलीस आणि मी त्याच लाँचने परत फिरले. उतरताना तू लाँचच्या कठड्यावर बोटाने एकदा ठोकलंस. आतून एक म्हणजे थांब, बाहेरून एक म्हणजे पुढचा खिळा. तू कुठल्या बाजूने ठोकलंस, हे मी घरी येईपर्यंत ठरवत होते.

डोणी अंगणात उलटी ठेवलीय. चारी बाजूंनी लांबी उकरून झालीय, माझ्या बोटांची सालं निघालीत. फळी बसवायचीय, खिळे मारायचेत, कापूस भरायचाय. माझ्याकडे हत्यारं नाहीत. दुकानात मिळतात ती मला नकोत. बाबांची पेटी हवी आहे. मी मागतेय.

लाँचबरोबर पाठवू नकोस. घेऊन ये.

ताई